जावा फर्न आणि बोल्बिटिसची घरच्या फिश टँकमध्ये रोपं वाढवणं: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या रोपांबद्दल आहे?

दोनच. जावा फर्न आणि बोल्बिटिस (दुकानात याला आफ्रिकन वॉटर फर्नही म्हणतात). दोन्ही नेचे आहेत, दोन्ही दगडाला किंवा लाकडाला चिकटून वाढतात आणि दोन्ही इतके सावकाश वाढतात की नवखा माणूस महिन्याभरात धीर सोडतो.

लेबलवर कधी 'मायक्रोसोरम टेरोपस' असतं, कधी 'लेप्टोकायलस टेरोपस'. दोन्ही जावा फर्नच, शास्त्रीय नाव बदललंय इतकंच. नॅरो, नीडल, ट्रायडंट, विन्डेलोव हे याच जावा फर्नचे प्रकार. विन्डेलोव हे नाव डेन्मार्कच्या ट्रॉपिका नर्सरीच्या संस्थापकांवरून पडलं. त्याच्या पानाच्या टोकाला कोथिंबिरीसारखी झालर फुटते.

अनुबियास (असंच दगडा-लाकडाला धरून वाढणारं रोप) नेचा नाही, पण कापणं, बांधणं आणि न पुरणं याबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यालाही लागू आहे. जावा मॉस हाही नेचा नाही, त्याचं गणित वेगळं. वॉटर स्प्राइट नेचा खरा, पण तो तरंगत झपाट्याने वाढतो. त्याला या पानाची गरज नाही.

रायझोम म्हणजे कोणता भाग?

आल्याचा गड्डा आठवा. तसाच आडवा सरकत वाढणारा, पेन्सिलीइतका किंवा त्याहून बारीक हिरवा दांडा म्हणजे रायझोम. त्याच्या वरून पानं निघतात, खालून केसांसारखी तपकिरी-काळी मुळं. आल्याशी साम्य इथेच संपतं. आलं मातीत पुरतात, हा पुरायचा नाही. वाळूत किंवा मातीत दाबलात तर रायझोमला ऑक्सिजन मिळत नाही, आणि तो दोन-चार आठवड्यांत खालून कुजतो. वरची पानं तोवर ठणठणीत दिसतात, म्हणून हे उशिरा कळतं.

मुळांचं मुख्य काम पकड घेण्याचं. अन्न रोप थेट पाण्यातून घेतं. त्यामुळे मुळं लांब झाली असतील तर बिनधास्त दोन सेंटिमीटरवर छाटा, नवी मुळं दगडाला लवकर धरतात.

एका रोपाची दोन कशी करायची?

आधी रोप बाहेर काढून पांढऱ्या ताटात ठेवा आणि रायझोम बोटांनी चाचपा. घट्ट लागला पाहिजे. एखादी जागा मऊ, तपकिरी, दाबल्यावर पाणी सुटणारी असेल तर तिथून कापून टाका, अगदी हिरवा भाग दिसेपर्यंत. निरोगी काप आतून फिकट हिरवा किंवा पांढरट दिसतो. सडक्या कापाला नाल्यासारखा वास येतो. एकदा घेतला की पुन्हा चूक होत नाही.

कापायला नवं दाढीचं ब्लेड वापरा. कात्रीने रायझोम चेचतो आणि चेचलेल्या जागी सड सुरू होते. प्रत्येक तुकड्याला निदान तीन-चार चांगली पानं आणि चार-पाच सेंटिमीटर रायझोम राहील असं बघा. त्याहून लहान तुकडे जगतात, पण वर्ष काढतात. जुनी, भोकं पडलेली, शेवाळलेली पानं देठापासून काढा. मात्र एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका, पानातला साठाच नव्या फुटव्याला पुरतो.

याहून सोपी एक युक्ती आहे, आणि घाई नसेल तर आम्ही तीच सुचवू. रोप दगडावरून काढूच नका. टँकमध्येच रायझोमला मधोमध आरपार काप मारा आणि दोन्ही तुकडे आहेत तिथेच राहू द्या. रायझोमचं वाढतं टोक मागच्या डोळ्यांना (सुप्त कोंबांना) दाबून ठेवतं. काप मारला की ते बंधन सुटतं आणि मागच्या तुकड्यातून बाजूने फुटवे येतात. सहा ते आठ आठवड्यांनी फुटवे दिसले की मग तुकडे वेगळे करा. यात रोपाला धक्का सगळ्यात कमी बसतो.

सगळी पानं झडलेला टकला रायझोम फेकून द्यावा का?

नको. घट्ट आणि हिरवा असेल तर मंद उजेडात, हलत्या पाण्यात दगडाला बांधून ठेवा. एक-दोन महिन्यांत हिरवे ठिपके उगवतात आणि तेच नवे डोळे.

पानावर छोटी रोपं आली आहेत. कधी तोडायची?

जावा फर्नचं हेच वैशिष्ट्य. जुन्या पानाच्या टोकाला, कडेला किंवा मागच्या बाजूला आधी काळपट फुगवटा येतो, मग त्यातून तपकिरी केस निघतात आणि मग तांदळाच्या दाण्याएवढं पहिलं पान. केस निघाले की बरेच जण 'शेवाळ लागलं' म्हणून पान कापून फेकतात. ती मुळं असतात, थांबा.

पिल्लाला तीन-चार पानं आणि दोन-तीन सेंटिमीटर मुळं आली की चिमटीत धरून हलकेच बाजूला ओढा. तयार असेल तर ते अलगद सुटतं. ओढावं लागतंय म्हणजे अजून महिनाभर राहू द्या. आईचं पान मधूनच काळं पडू लागलं तर ते देठातून कापा आणि पिल्लांसकट तरंगत ठेवा. स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची गाळणी थर्माकोलच्या तुकड्यावर बसवली की हे पान फिल्टरच्या तोंडाशी ओढलं जात नाही.

एक इशारा. एकाच वेळी सगळ्याच पानांवर पिल्लं येऊ लागली आणि आईची पानं काचेसारखी पारदर्शक होत चालली, तर ते बहरणं नव्हे. रोप संकटात आहे आणि जाता जाता वंश सोडतंय. तापमान आणि पोटॅशियम तपासा.

बोल्बिटिसच्या पानावर पिल्लं का येत नाहीत?

सहसा येतच नाहीत. त्याची वाढ रायझोम कापूनच करायची. हा पश्चिम आफ्रिकेतल्या खळाळत्या ओढ्या-नद्यांत खडकाला धरून वाढणारा नेचा आहे, त्यामुळे त्याच्या तीन अटी आहेत: वाहतं पाणी, मऊ पाणी आणि थंडावा. फिल्टरचा झोत थेट त्याच्यावरून जाईल अशा जागी बांधा. पानं सतत डुलली पाहिजेत. कोपऱ्यातल्या शांत पाण्यात त्याची पानं धूळ धरतात आणि काळी पडतात. कार्बन डायऑक्साइड दिला तर वाढीत ठळक फरक पडतो. जावा फर्नला मात्र त्यावर खर्च करू नका.

तुकडे कापताना बोल्बिटिसला जावा फर्नपेक्षा मोठे ठेवा, पाच-सहा पानांचे. नव्या जागी महिनाभर तो जागचा हलत नाही. मग काळपट हिरवी, वळलेली मूठ उघडावी तशी पानं येतात.

किती दिवस लागतात?

चांगल्या स्थितीत जावा फर्नच्या एका टोकाला दोन ते चार आठवड्यांत एक पान. पानावरच्या पिल्लाचं हातभर नाही तरी वीतभर रोप व्हायला आठ महिने ते एक वर्ष. आठवड्यात दुप्पट होईल असं कोणी सांगून विकत असेल तर त्याच्याकडे दुसरंच काहीतरी रोप आहे.

कापणीला कोणता हंगाम बरा?

दिवाळीपासून होळीपर्यंत. आपल्याकडे घरातल्या टँकचं पाणी या काळात २४ ते २७ अंशांवर असतं आणि कापलेली जागा सडण्याआधी बुजते. मार्चअखेरीपासून मान्सून येईपर्यंत ब्लेड कपाटात ठेवा. पावसाळ्यात पिल्लं वेगळी करायला हरकत नाही.

मे महिन्यात पानं विरघळतात. काय करायचं?

बंद खोलीतल्या टँकचं पाणी तेव्हा ३०-३१ अंशांवर सहज जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, रोपाची आणि सडवणाऱ्या जिवाणूंची दोघांचीही गरज वाढते, आणि सुरुवात रायझोमच्या जुन्या बाजूने होते. जावा फर्न ३० पर्यंत तग धरतो. बोल्बिटिस २८ च्या वर कुरकुरतो.

उपाय असे. झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. पण आपली हवा आधीच दमट, त्यामुळे पुण्याच्या मित्राला चार अंशांचा फरक मिळतो तिथे तुम्हाला दोन मिळाले तर चांगलं. उडालेलं पाणी भरताना शक्यतो आरओचं भरा, नाहीतर क्षार साठत जातात. दिव्याची वेळ आठ तासांवरून पाच-सहावर आणा आणि तो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावा.

बर्फाची बाटली? हिशोब करा. फ्रीझरमधली एक लिटरची बाटली १०० लिटर पाण्याला जेमतेम एक अंश उतरवते, तेही तात्पुरतं. रोज दोन बाटल्या फिरवायचा उत्साह असेल तर चालेल. पण दुपारी टाकून रात्री विसरलात तर ती वर-खाली हेलकावणी माशांना जास्त त्रासाची.

आमच्याकडे पाणी महापालिकेचं आहे, कधी टँकरचं. फरक पडतो का?

जावा फर्नला थोडा, बोल्बिटिसला बराच. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसा, बारवी अशा स्रोतांचं. हे सगळं पावसाचं साठलेलं पाणी, साधारण मऊ. घोडबंदर रोडसारख्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर आला की ते बोअरचं असू शकतं, म्हणजे कठीण आणि कधी मचूळ. शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, मोजणारा) घ्या आणि दर वेळी पाणी बदलण्याआधी बुडवा. जावा फर्न ४००-५०० पर्यंत चालवून घेतो, थोडा मचूळपणाही. बोल्बिटिससाठी २५० च्या खाली ठेवा. आकडा जास्त आला तर निम्मं आरओचं मिसळा. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, घ्या. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा आणि दर १० लिटर नव्या पाण्याला १ मिली घाला. लिफ्टजवळ 'उद्या टाकी सफाई' अशी नोटीस लागली की पुढचे दोन-तीन दिवस पाणी बदलू नका. ब्लीचिंग पावडरचा अंश किती राहिलाय याचा भरवसा नसतो.

चिकटवायचं की बांधायचं?

दोन्ही चालतं. आमचा कल चिकटवण्याकडे. सायनोअॅक्रिलेटवाला जेल घ्या, फेविक्विकच्या जातीचा. पातळ प्रकार ओघळून रायझोमभर पसरतो. दगड आणि रायझोम कापडाने टिपून घ्या, मुळांच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढे दोन ठिपके द्या, १५-२० सेकंद दाबून धरा आणि पाण्यात सोडा. ओलाव्यानेच तो घट्ट होतो. जेल जिथे पांढरा पडतो ते डाग पुढे मुळांखाली झाकले जातात. वाढत्या टोकाला जेल लावू नका, ते टोक मरतं.

बांधायचं तर तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) वापरा, पण सैल. करकचून बांधलेला तंगूस रायझोम वाढला की त्यात रुततो आणि तिथूनच काळं पडायला सुरुवात होते. साधा सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो, तोवर मुळांनी धरलं तर ठीक, नाहीतर सकाळी रोप वर तरंगताना दिसेल.

दगड कोणता?

आपल्या डोंगरांतला काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट. फुकट मिळतो आणि पाण्याचं काही बिघडवत नाही. त्यातही खडबडीत पाठीचा शोधा. गुळगुळीत गोट्यावर मुळांना पकड मिळत नाही. ब्रशने घासून उकळत्या पाण्याने धुवा. संगमरवर आणि चुनखडी टाळा, ती पाणी कठीण करतात. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले तर तो दगड बागेत ठेवा. जांभा सच्छिद्र असल्याने मोहात पाडतो, पण तो झिजतो आणि लाल गाळ सोडतो. लाकूड वापरणार असाल तर दोन-तीन आठवडे बादलीत भिजवून, पाणी बदलत राहून मग टँकमध्ये घाला.

पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा आहेत. रोग आहे का?

नाही. बीजाणूंचे पुंजके आहेत. बोटाने घासले तर खरखरीत लागतात आणि पानाच्या समोरच्या बाजूला हिरवा रंग शाबूत असतो.

मग रोग कशाला म्हणायचं?

ठिपका पानाच्या आरपार असेल तर लक्ष द्या. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं आणि त्याभोवती पिवळी कड म्हणजे बहुधा पोटॅशियम कमी. जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नायट्रोजन. पान ओलं काळं, पारदर्शक, बोट लावताच चिखल होणारं असेल तर उष्णता, सडलेला रायझोम किंवा नुकतंच झालेलं स्थलांतर. दुकानातलं रोप पाण्याबाहेर वाढवलेलं असेल तर त्याची जुनी पानं महिन्याभरात जातातच. रायझोम घट्ट आहे तोवर घाबरायचं कारण नाही. पानांचे टोक काळे पडून मग त्यावर पिल्लं येणं हे तर जावा फर्नचं रोजचं आहे.

खत कोणतं?

अॅक्वेरियमची बाटलीबंद खतं चालतात, महाग पडतात. शेतीसेवा केंद्रात मिळणारं पाण्यात विरघळणारं ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) १०० लिटरला आठवड्यातून १ ग्रॅम घातलं की पोटॅशियम सुमारे ४ पीपीएमने वाढतं. टँकमध्ये मासे कमी असतील आणि नायट्रेट शून्याजवळ असेल तर त्याऐवजी १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) १ ग्रॅम घ्या: नायट्रेट सुमारे ६ आणि पोटॅशियम सुमारे ४ पीपीएम. पाणी बदलल्यावर पेल्यात विरघळवून घाला.

१९:१९:१९ ला हात लावू नका. त्यात युरिया आणि अमोनिया असतो. दोन दिवसांत मासे वर येऊन श्वास घेऊ लागतील आणि आठवड्यात पाणी हिरवं होईल.

मातीखाली दाबायच्या गोळ्या या रोपांना निरुपयोगी.

पानांच्या कडेला काळी दाढी आली आहे.

काळं ब्रश शेवाळ. सावकाश वाढणाऱ्या पानांवर ते बसणारच, कारण पान वर्षभर जागचं हलत नाही. आधी उजेड कमी करा: सहा तास, खिडकीचं ऊन अजिबात नको. मग औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा आणि लेबल वाचा. आपल्याकडे बहुतेक वेळा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ते ३ टक्के करा. फिल्टर बंद करून सिरिंजने थेट शेवाळावर सोडा, १०० लिटरच्या टँकमध्ये दिवसाला २५ मिलीच्या वर नाही. पाच मिनिटांनी फिल्टर सुरू. दोन-तीन दिवसांत शेवाळ गुलाबी-लालसर झालं की मेलं. झिंगे असतील तर हा प्रयोग टँकमध्ये न करता दगड बाहेर काढून करा.

कोणते मासे नकोत?

गोल्डफिश ही पानं सहसा खात नाहीत, पण नव्याने चिकटवलेलं रोप उपटतात. मोठा प्लेको (सकर मासा) रात्री पानं खरवडतो. गप्पी, टेट्रा, रासबोरा यांचा काही उपद्रव नाही.

नव्या रोपाबरोबर गोगलगाई येतात.

चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवा, त्यात रोप दोन-तीन तास ठेवा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. अंडी यातूनही वाचतात, म्हणून रोप दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून पुन्हा एकदा हेच करा. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून रोप आणलं असेल तर ही पायरी चुकवू नका; तिथे एकाच टबात दहा ठिकाणची रोपं एकत्र असतात.

पावसाळ्यात पाण्याबाहेर वाढवता येतात का?

जून ते सप्टेंबर ही तर आपली फुकटची हरितगृहं. पारदर्शक झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या, तळाला बोटभर धुतलेला कोकोपीट आणि त्यावर ओल्या दगडाला बांधलेला जावा फर्न. रायझोम कोकोपीटच्या वर राहिला पाहिजे. तळात अर्धा सेंटिमीटर पाणी, झाकण जवळजवळ बंद, उत्तरेकडची खिडकी. दिवसाआड पाच मिनिटं झाकण उघडा, नाहीतर पांढरी बुरशी येते. खत म्हणून टँकचंच बदललेलं पाणी फवारा. ऑक्टोबरची कोरडी, तापलेली हवा सुरू होण्याआधी रोपं पाण्यात परत न्या. तिथे काही जुनी पानं जातील, ते धरूनच चाला.

बीजाणूंपासून रोपं करता येतील का?

पाण्याखाली जवळजवळ नाही. पाण्याबाहेरच्या डब्यात, उकळून गार केलेल्या ओल्या कोकोपीटवर शक्य आहे, पण आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा आणि मग कधीतरी पहिलं पान. घरासाठी रायझोम पुरेसा आहे.

जास्तीची रोपं तलावात सोडली तर चालतील का?

नाही. तलावपाळी, उपवन, खाडी, सोसायटीतलं कारंजं, कुठेही नाही. रोपाबरोबर तुमच्या टँकमधल्या गोगलगाई, अंडी आणि रोगजंतूही जातात. ओळखीच्या टँकवाल्यांना द्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद केलेला जावा फर्न दोन-तीन दिवसांचा प्रवास आरामात करतो, फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. कोणी घेत नसेल तर उन्हात पूर्ण वाळवून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका.